वेगळा तवा

धारूरच्या पलीकडं, बालाघाटाच्या माथ्यावर
आम्ही चौघांनी दोन तंबू ठोकले.
दिवाळी होऊन आठ दिवस झालेले,
सीताफळांचे डोळे उघडलेले,
वारा असा की खुंटी धरून बसावं.

माझ्या पाठीवर तंबूपेक्षा जड डबे:
ज्वारीचं पीठ, मीठ वेगळं, तिखट वेगळं,
आणि एक लोखंडी तवा
ज्यावर कधी पोळी पडलेली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, गहू बंद.
कमी नाही, बंद. एक कणसुद्धा आतडं सोलून काढतो.
मी हसलो. म्हटलं, साहेब, आम्ही ज्वारीची माणसं,
आमचं काय अडतंय?

मग कळत गेलं कुठं कुठं अडतंय.
हिंगात गहू.
एवढ्या उग्र वासाआड गुपचूप बसलेला.
तो सापडला त्या दिवशी मी ती डबी
चोर पकडल्यासारखी घरभर दाखवत फिरलो.
गिरणीत आधी कुणाचे गहू पडले
की मागून पडलेली माझी ज्वारी वाया.
अय्युबभाई आता मला पहाटेच बोलावतात,
चक्की झाडून पहिली पायली माझी.
लग्नात मी पंगतीला बसतो
आणि नुसता बोलतो.

येसरात गहू असतो
हे मात्र आईनं सांगितलं,
काहीतरी कबूल करावं तसं, पाठमोरी होऊन.
दोन वर्षं झाली त्याला.

शकीलनं तीन दगड मांडले.
त्याचा बिस्किटांचा पुडा त्यानं आपणहून
दूर धावड्याच्या फांदीला टांगला,
म्हणाला, चुरा उडून तुझ्या ताटात नको.

धम्मपालनं तवा उचलला,
उलटा करून पाहिला, बोटानं वाजवला.
"वेगळा तवा," तो म्हणाला, "वेगळा पेला.
आमच्या आज्याला हे गावानं दिलं होतं.
तुला डॉक्टरनं दिलं.
फी किती घेतली रे?"

व्यंकट हसला, आणि अर्ध्यातच थांबला.
मला काही सुचेना.
मी जळतं लाकूड उगाच पुढं सारलं,
धूर माझ्याच तोंडावर आला.

धम्मपाल उठला.
कॅनमधलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले,
नखं काडीनं कोरली,
दुपारी त्यानं वडापाव खाल्ला होता.
मग परात ओढली, पीठ घेतलं,
आणि माझ्या त्या वेगळ्या तव्यावर
चौघांच्या भाकरी
त्यानंच थापून टाकल्या.
पहिली जरा करपली. ती त्यानं स्वतःला ठेवली.

तेवढ्यात व्यंकटनं खिशातून पुडी काढली,
वर्तमानपत्राची, दोऱ्यानं बांधलेली.
"येसर हाय," तो तव्याकडं बघत म्हणाला,
"गव्हाच्या जागी ज्वारीच भाजली.
मिक्सर दोनदा धुतला. बायको म्हणली, येडा झालास काय.
हिंग नाही घातला. लसूण हाणलाय भरपूर."

आमटीला उकळी आली
तेव्हा किल्ल्याच्या तळ्याकडून टिटवी ओरडत गेली.
चव तीच नव्हती, खोटं कशाला बोलू.
ज्वारी थोडी जास्त भाजली होती,
मागून कडू लागत होती.
मी तीन वाट्या प्यायलो.
चौथीला शकील म्हणाला, "आरं, आम्हाला ठेव की!"

ऊन वर आल्यावर पाहिलं तर
धावड्याखाली बिस्किटांचा कागद,
आणि वरच्या फांदीवर एक वानर
तोंड पुसत निवांत बसलेलं.
शकीलनं त्याला शिव्या दिल्या, उर्दूत आणि मराठीत.
मग चहा झाला, काळा, गुळाचा.
रात्रीच्या तीन भाकरी उरल्या होत्या,
कडक, वाऱ्यानं वाळलेल्या.

"तुझं पथ्य लई चिवट हाय," व्यंकट म्हणाला,
आणि चहात बुडवलेला तुकडा
पडायच्या आत तोंडात टाकला.